वराहाची चतुःसीमा

मराठी भाषेचे कुंपणाविषयीचे मत फारसे अनुकूल नाही. जेथे विश्वासघात सांगावयाचा असेल तेथे कुंपणानेच शेत खाल्ले असे ती म्हणते, आणि जेथे एखाद्याच्या कर्तृत्वाची मर्यादा दाखवावयाची असेल तेथे सरड्याला कुंपणापर्यंत धावावयास लावते. परंतु कुंपणामुळे कोणाचे शेत वाचले, अशा अर्थाची म्हण निदान माझ्या तरी कानावर आलेली नाही. आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या चिऱ्यांचे गडगे रचले, दरवर्षी काट्याकुट्यांच्या वया बांधल्या आणि पावसाळ्यानंतर त्या पुन्हा बांधल्या, तरीही त्यांच्या तोंडून कुंपणाच्या स्तुतीचे एक अक्षर बाहेर पडू नये, याचे कारण मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. ते रानडुकराने कळविले.

मी पुण्यास राहतो आणि हिशेबखात्यातून निवृत्त झालेला इसम आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी असलेल्या ज्या वाडीत माझे आजोबा जन्मले, तेथील तीन एकर सामाईक जमिनीत माझा हिस्सा आहे. तो किती, हे कृपा करून विचारू नये. कारण सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 31 नावे असून त्यांतील 11 इसम मयत आहेत, आणि मी एकदा निवृत्तीनंतरच्या उत्साहात माझा वाटा अपूर्णांकात काढावयास बसलो असता छेद तीन आकडी आला. या जमिनीची वहिवाट माझे थोरले चुलतभाऊ करतात, ज्यांना सारी वाडी दादा म्हणते. दादा बोलतात कमी, आणि जे बोलतात ते पंचनाम्यातील मजकुरासारखे असते. एप्रिलमधील एका सकाळी त्यांचा फोन आला.

“भुईमूग काढायला माणसं सांगितली होती,” ते म्हणाले, “त्यांना नको म्हणून कळवलं. काढून झालाय.”

“इतक्यात?” मी विचारले.

“रात्रीतून. मजुरी पडली नाही.”

मी जाऊन पाहिले तेव्हा प्रथम मनात आले ते दुःख नव्हे, तर एक प्रकारचा आदर. बांधापासून बांधापर्यंत माती वीतभर खोल उलथलेली होती, झाडे मुळासकट उपटून एका अंगाला टाकलेली होती, आणि त्या भुसभुशीत मातीवर टरफले अशी पसरली होती की जणू एखादे सबंध वऱ्हाड तालुक्याच्या स्टँडवर रात्रभर शेवटच्या गाडीची वाट पाहत बसले असावे. दाणा मात्र एकही शिल्लक नव्हता. रानडुकराचे नाक हा अवयव नसून अवजार आहे, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याच्या टोकाशी असलेल्या टणक चकतीने ते जनावर जी नांगरट करते ती आमच्या भाड्याच्या पॉवर टिलरला साधत नाही. ओल्या जागी दुहेरी खुरांचे ठसे उमटले होते, एक मोठा आणि त्याच्यामागे पाचसहा चिमुकले. दादांनी समजावून सांगितले की कळपात माद्या आणि पिले तेवढी असतात, वयात आलेला नर एकटाच दूर कोठेतरी हिंडतो आणि वर्षातून एखाद्या वेळी घरी येतो. मुंबईस नोकरीला असलेल्या कोकणी पुरुषाच्या संसाराची व्यवस्था याहून फारशी निराळी नसल्यामुळे मला ते समजण्यास वेळ लागला नाही.

वाडीतील पुराणिकबुवांनी या घटनेकडे पाहण्याची अधिक उदात्त दृष्टी सुचविली. ज्याच्या कुळातील एका महापुरुषाने हिरण्याक्षाचा वध करून सबंध पृथ्वी समुद्रातून सुळ्यावर उचलून आणली, त्याने तीन एकर उचलले तर त्यास अतिप्रसंग कसा म्हणावा, असा त्यांचा प्रश्न होता. बदामीच्या चालुक्यांनी वराह राजचिन्ह म्हणून मिरविला आणि विजयनगरच्या राज्यात तर सोन्याच्या नाण्यालाच वराह म्हणत, हेही त्यांनी सांगितले. त्यावर दादा इतकेच म्हणाले की तेव्हा वराह कनवटीस येत असे, आता कनवटीचे घेऊन जातो. बुवांनी त्या वर्षी भुईमूग केला नव्हता, ही गोष्ट येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

कायद्याचा आश्रय घ्यावा म्हटले तर तेथे डुकराचे पारडे प्रत्येक अमदानीत जड राहिलेले दिसते. इंग्रजांच्या काळी घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारण्याचा साहेबलोकांना केवढा शौक! पुढे बालवीरांची चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेल साहेबाने 1889 मध्ये या एकाच विषयावर सबंध ग्रंथ लिहिला आहे. या खेळाच्या मुलखात डुकरावर बंदूक झाडणे हे साहेबांच्या समाजात असभ्यपणाचे लक्षण समजले जाई. रयतेचा जोंधळा जाई, परंतु सभ्यता राही. नंतर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात डुक्कर तिसऱ्या अनुसूचीत होते, ते 2022 च्या दुरुस्तीने दुसऱ्या अनुसूचीत चढले. मी छत्तीस वर्षे नोकरी करून दोन खातेपरीक्षा दिल्यावर जी पदोन्नती मिळविली तिच्याशी तुलना करता हा वेग डोळ्यांत भरण्याजोगा आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरास मारण्याची परवानगी अधिकाऱ्यास देता येते, नाही असे नाही, पण तो आदेश लेखी आणि सकारण असावा लागतो. आणि तो हाती आला तरी बंदूक लागते, जी वाडीत एकाच घरी आहे आणि तिच्या नळीत भिंगुळट्यांनी मातीची घरटी केली आहेत.

तेव्हा शासकीय उपायांच्या आधी घरगुती उपाय झाले. पहिला उपाय साड्यांचा. शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या म्हणजे वाऱ्यावर हलणारे ते रंग पाहून डुक्कर बिचकते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे, आणि ज्यांनी शेतांच्या कडेने प्रवास केला आहे त्यांनी हा देखावा पाहिला असेल. वहिनींनी ट्रंका उघडल्या. पंधरा दिवसांत आमच्या जमिनीच्या चारी बाजूंना घराण्याच्या लग्नकार्यांचा पन्नास वर्षांचा इतिहास फडफडू लागला. त्यात माझ्या मुंजीत मावशीला दिलेले आणि तिने न नेसता परत केलेले एक जांभळे पातळ मी ओळखले. डुकरांनीही आठवडाभर हे प्रदर्शन लांबूनच पाहिले, आठव्या दिवशी मावशीच्याच पातळाखालून आत प्रवेश केला. दुसरा उपाय केसांचा. बाजारपेठेतील केशकर्तनालयातून दोन पोती केस आणून बांधावर पसरले, कारण हुंगता हुंगता ते नाकपुडीत गेले की डुक्कर शिंकत माघारी फिरते असे सांगतात. ते शिंकले की नाही हे कोणी पाहिले नाही. वारा फिरल्यामुळे आम्ही शिंकलो. तिसरा उपाय वाघाच्या डरकाळीची ध्वनिफीत लावण्याचा. तिने डुकरे गेली की नाही यावर वाडीत आजही दोन पक्ष आहेत, मात्र दादांची म्हैस तीन दिवस पान्हा चोरीत होती यावर एकमत आहे.

शासनाचा मार्ग याहून शहाणपणाचा आहे, हे मी उपहासाने म्हणत नाही. जंगलालगतच्या गावांसाठी 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. आमची वाडी सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेची. हा प्रकल्प चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आणि कोयनेचे अभयारण्य मिळून 2010 मध्ये झाला. त्यातील वाघ आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही, परंतु त्याच्या नावाने येणाऱ्या योजनेत डुक्कर बसते. सौर कुंपणाच्या साहित्यासाठी किमतीच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, असे अनुदान त्यात ठेवले आहे. “यांपैकी जी रक्कम कमी असेल ती” या सहा शब्दांत सरकारी हिशेबशास्त्राचा सारा उपनिषद्‌भाग आला आहे. मी स्वतः ते हजारो वेळा लिहिले असल्यामुळे त्यांविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार मला उरलेला नाही.

कचेरीतील कारकून अत्यंत सौजन्यशील होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागविला, आणि सामाईक जमिनीचा अर्ज असल्यामुळे सर्व सहहिस्सेदारांची संमतीपत्रे लागतील असे अशा मृदू स्वरात सांगितले की घरी पोहोचेपर्यंत त्यातील आशय मला जाणवला नाही. 11 मयत इसम संमती देणार नाहीत हे उघड होते, म्हणून त्यांची नावे कमी करून वारसांची नोंद करावी असे ठरले. तलाठीभाऊसाहेबांनी फेरफार घातला. (त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, वाडीला ते मान्य नाही, कारण एवढे लांब नाव उच्चारीपर्यंत ते मोटरसायकलला किक मारून निघून जातात.) मयतांची नावे कमी करावयास गेलो तो जिवंतांची वाढली. 11 गेले, त्यांच्या जागी 26 आले, आणि उताऱ्यावर एकूण 46 खातेदार झाले. डुकराची मादी एका विणीत चार ते सहा पिले देते म्हणून जी माणसे तिला नावे ठेवतात, त्यांनी आपल्या घराण्याचा वारस फेरफार एकदा काढून पाहावा.

त्यातच हद्दीचा प्रश्न निघाला, कारण कुंपण हवेत घालता येत नाही, ते हद्दीवर घालावे लागते, आणि हद्द कोठे आहे हे मोजणीवाचून कळत नाही. भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार आला, त्याने यंत्र रोवले, नकाशा उलगडला, आणि दीड तासाने जाहीर केले की पूर्वेकडील कायम खुणेचा दगड शेजारच्या चुलत्यांच्या फणसाच्या बुंध्यात आहे. बुंध्याजवळ नव्हे, बुंध्यात. झाडाने पन्नास वर्षांत तो गिळला होता. या फणसावरून आमच्या आणि त्यांच्या घरात चौदा वर्षे दिवाणी दावा चालला आहे, ज्यात दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या मुलांना वकील करून निवृत्त झाले. या सबंध अवधीत खाली पडलेला एकही फणस आम्ही उचलला नाही आणि त्यांनीही उचलला नाही, कारण उचलणे म्हणजे कबजा सांगण्याजोगे होईल असा दोन्ही वकिलांचा सल्ला होता. फणस कोणी खाल्ले हे मोजणीदाराने झाडाखालच्या उकरलेल्या मातीकडे पाहून विचारले, तेव्हा दोन्ही घरची माणसे प्रथमच एकाच दिशेला पाहू लागली.

मी हिशेबनीस. त्या रात्री मला झोप आली नाही आणि मी कागद घेऊन घेर काढीत बसलो. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि तेवढाच रुंद चौरस. असे 40 गुंठे म्हणजे एकर. हा एकर चौरस असेल तर त्याचा घेर सुमारे 835 फूट भरतो. परंतु तेच 40 गुंठे आगगाडीच्या डब्यांसारखे एकापुढे एक मांडले, तर जमीन 33 फूट रुंद आणि 1,320 फूट लांब होते आणि घेर 2,706 फुटांवर जातो. डुक्कर तेच, भुईमूग तेवढाच, तार मात्र तिपटीहून अधिक. आता आमच्याकडील वाटण्या ज्या तत्त्वावर झाल्या, की प्रत्येक भावाला ओढ्याकाठची थोडी, मधली थोडी आणि डोंगराकडची थोडी मिळावी, त्या तत्त्वाने सारे शिवार अशा आगगाड्यांनी भरून गेले आहे. न्याय झाला, पण तारेचा खर्च न्यायाधीशांनी धरला नव्हता. याउलट सोळा एकर जमीन एका चौरसात घेतली, तर तिचा घेर अवघा 3,340 फूट येतो, आणि हेच सोळा एकर निरनिराळे कुंपण घालून राखावयाचे म्हटले, तेही प्रत्येक चौरस आहे असे उदारपणे धरून, तर 13,360 फूट. म्हणजे सर्वांनी एकत्र यावे तर खर्च चौथाईवर येतो. चौथाई हा शब्द मराठी माणसाला पटेल अशी माझी अटकळ होती.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात मी हे खडूने फरशीवर काढून दाखविले. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ज्यांची शेते कडेला होती ते म्हणाले, खांब आमच्या जमिनीत रोवणार, तार आमच्या जमिनीतून जाणार, तेव्हा आम्ही जागा देतो हीच आमची वर्गणी. ज्यांची शेते मधोमध होती ते म्हणाले, आमच्या चारी बाजूंना माणसांचीच शेते आहेत, कुंपण आमच्या जमिनीला लागतच नाही, तेव्हा आमच्याकडून वर्गणी कशाची? राहता राहिले मी आणि दादा, आणि आमची जमीन धड कडेलाही नव्हती नि मधोमधही नव्हती. सभा चहा होऊन बरखास्त झाली. रानडुक्कर सारे शिवार अविभक्त मानते आणि आम्ही त्याचे गटनंबर मानतो, हा या युद्धातील त्याचा खरा लाभ आहे. अनुदान देणारे खातेही खातेदार मोजते, शिवार मोजत नाही, त्यामुळे या बाबतीत ते आमच्याच पक्षाचे म्हणावे लागेल.

दादांनी तोवर स्वतःपुरता मार्ग काढला. घरामागील बारा गुंठे त्यांच्या एकट्याच्या नावे आहेत. त्यात सुरण, कणगर आणि नारळाची नवी रोपे. त्यांनी 20,000 रुपयांचे साहित्य बसविले, ज्याचे 75 टक्के बरोबर 15,000 होतात, आणि दोन्ही रकमा सारख्याच आल्यामुळे “जी कमी असेल ती” कोणती हे ठरविण्याचा भार त्यांनी अंमलदारावर टाकला. रक्कम खात्यात जमा झाली. या कुंपणात बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे एक यंत्र असते, ज्याला बाकीचा महाराष्ट्र झटका मशीन म्हणतो. ते दर सेकंदाला सुमारे एक या हिशेबाने हजारो व्होल्टचा, पण निमिषमात्र टिकणारा धक्का तारेत सोडते. त्याने जीव जात नाही. काही लोक हा खर्च वाचविण्यासाठी घरची वीज सरळ तारेत सोडतात आणि त्यात डुकराबरोबर माणसेही मरतात, तेव्हा तो मार्ग कोणी चेष्टेतही बोलू नये. या यंत्राचा धक्का जीवघेणा नसून केवळ अपमानकारक असतो. हे मी ऐकीव सांगत नाही, “चालू आहे का हो?” असे विचारीत तारेला बोट लावणारा वाडीतील पहिला इसम मी होतो, आणि त्यानंतर मी जो शब्द उच्चारला तो वहिनींनी ऐकला नाही असे सर्वांनी मानले.

पण कुंपणाचीही काळजी वाहावी लागते. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकले की वीज त्यातून जमिनीत उतरते आणि तार नुसती शोभेची राहते, म्हणून दर पंधरा दिवसांनी दादा विळा घेऊन कुंपणाखालची बेणणी करतात. बॅटरी चोरीस जाते म्हणून ती दिवसा घरात, देवघराच्या बाजूला असते आणि तिन्हीसांजेला दादा तिला तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर घेऊन शेतात नेतात. सौर पट्टी शेतातील खांबावर आणि बॅटरी दिवसभर घरात, अशी त्यांची ताटातूट असल्यामुळे बॅटरी घरच्या विजेवर भरावी लागते, आणि सूर्याच्या वाट्याला फक्त पट्टीवर बसणारा कावळा तापविण्याचे काम राहिले आहे. तथापि सुरण वाचले, हे कबूल केलेच पाहिजे. एक पाठा डुक्कर पहिल्याच रात्री नाक लावून किंचाळत गेले, ते त्या कुळाने लक्षात ठेवले आहे.

ते गेले म्हणजे संपले नाही. त्यांची बदली झाली. आस्थापना तीच, मुख्यालय बदलले. दादांचे कुंपण उभे राहिल्यापासून पंधरा दिवसांत पुराणिकबुवांची रताळी गेली, आणि त्या दिवसापासून बुवांच्या कथेत दशावतार दोनावरून एकदम चारावर जातात. आमच्या संमतीपत्रावरची सर्वांत ठसठशीत सही त्यांची आहे. फणसाच्या चुलत्यांनीही सही केली, “दाव्यास बाध न येता” असा शेरा मारून.

बाकीच्या सह्या टपालाने आल्या. त्यांतील एक टेक्सासहून आली. तेथील पुतण्याने पत्रात कळविले की, “काका, हे प्रकरण इकडेही तसेच आहे”: 1539 मध्ये दे सोतो नावाच्या स्पॅनिश सरदाराने फ्लॉरिडात पाळीव डुकरे उतरविली, त्यांच्यासारख्याच सुटलेल्या डुकरांची प्रजा आता रानटी होऊन लाखोंनी हिंडते, टेक्सासमध्ये 2011 पासून हेलिकॉप्टरमधून त्यांची शिकार करण्यास मुभा आहे, आणि 2018 च्या शेतीविधेयकात सरकारने त्यांच्या बंदोबस्ताच्या पथदर्शी कार्यक्रमासाठी साडेसात कोटी डॉलर ठेवले. दादांनी पत्र दोनदा वाचून घेतले आणि विचारले, “तिकडे सातबाऱ्यावर नावं किती असतात?” पुतण्याने उलट टपाली कळविले की बहुधा एक. त्यावर दादा म्हणाले की मग हेलिकॉप्टरची काय गरज?

आज आमच्या दरखास्तीवर 45 सह्या आहेत. राहिलेली 46 वी सही आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या नातवाची आहे. या बाई लग्न होऊन बडोद्यास गेल्या. त्यांच्या कुटुंबाचे अखेरचे पत्र आमच्याकडे 1987 चे, इंदूरहून आलेले आहे, आणि त्यात आमसुले पोहोचल्याचे लिहिले आहे. ही ओळ वाचून ज्या गृहस्थास आपल्या आजीच्या घरी कोकणातून आमसुले येत असल्याचे स्मरत असेल, त्याने कृपा करून दादांकडे पत्र टाकावे. हिस्सा मागावयास आला तरी हरकत नाही, छेद थोडा वाढेल इतकेच. सही कोणत्याही लिपीत चालेल. भुईमुगाची पेरणी डिसेंबरअखेर आहे.